घरासमोरच्या मातीत फुलं लावताना: कुठलं झाड जाणार, कुठलं राहणार

जानेवारीच्या शेवटी शेवंतीची फुलं संपली. पानं तपकिरी पडली, झाडं करपल्यासारखी दिसायला लागली, म्हणून मी ती सगळी उपटून कचऱ्यात दिली. कुंपणापलीकडून शेजारच्या काकू बघत होत्या. "अगं, बुडाशी बघायचंस तरी. काश्या फुटल्या असतील की," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात झेंडूच्या वाळक्या काड्यांना मात्र मी रोज झारीने पाणी घालत होते, पुन्हा फुटतील म्हणून.

जी झाडं वर्षानुवर्षं राहिली असती ती मी टाकली आणि ज्यांचं आयुष्य संपलं होतं त्यांची सेवा केली. पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्या बहुतेक चुका याच गोंधळातून झाल्या. तुम्हाला घरासमोर पहिल्यांदाच थोडी माती मिळाली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझी बाग पुण्यात आहे, दहा बाय वीस फुटांची, त्यामुळे इथले महिने पठारावरचे आहेत. कोकणात किंवा विदर्भात जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. आधी दोन याद्या करा

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे हंगामी फुलं लिहा: झेंडू, तेरडा, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा, ॲस्टर, पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंड्युला. ही झाडं काही महिन्यांत उगवतात, फुलतात, बी धरतात आणि मरतात. ती वाळली म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, त्यांचं काम झालं.

उजवीकडे बारमाही. यात पुन्हा दोन जाती आहेत आणि नवख्या माणसाची फसगत दुसऱ्या जातीत होते. मोगरा, जास्वंद, गुलाब, अनंत, तगर, अबोली ही डोळ्यांसमोर राहतात. पण गुलबक्षी, भुईचाफा, फुटबॉल लिली यांचा वरचा भाग वाळतो आणि झाड जमिनीखाली कंदात जिवंत राहतं. भुईचाफ्याची कुंडी थंडीत नुसती मातीने भरलेली दिसते. उन्हाळ्यात एक दिवस पान नसताना थेट मातीतून जांभळट-पांढरं फूल वर येतं, पानं नंतर येतात. मी अशा जागी दगडाने खूण करून ठेवते, नाहीतर खुरप्याने कंद कापला जातो. शेवंती या दोन्हींच्या मधली: जुन्या काड्या वाळतात, पण बुडातून नवे फुटवे येतात. त्यांनाच काश्या म्हणतात.

इंटरनेटवरचे बागेचे व्हिडिओ बघताना एक सांभाळा. त्यातले बरेचसे थंड देशांतले असतात. तिथे हिवाळ्यात बाग झोपते आणि वसंतात पेरणी होते. आपल्याकडे हंगामी फुलांचा सगळ्यात चांगला काळ हिवाळाच आहे, आणि बाग थांबते ती एप्रिल-मेच्या उन्हात. ते वेळापत्रक उचलून मी मार्चमध्ये पिटुनिया पेरला होता. मे उजाडायच्या आत सगळी रोपं गेली.

सामान फार लागत नाही:

- खुरपं आणि कुदळ
- छाटणीची चांगली कात्री (इथे पैसे वाचवू नका, बोथट कात्रीने फांदी चेचते)
- बारीक छिद्रांची झारी
- बी पेरायला दोन ट्रे किंवा उथळ कुंड्या
- एक लिटरचा हातपंप फवारणीसाठी
- गुलाबासाठी जाड हातमोजे
- नावं लिहायला पट्ट्या आणि एक वही

२. आठवडाभर ऊन बघा, आणि रात्रीचा दिवासुद्धा

सकाळी आठपासून दर दोन तासांनी कुठे ऊन आहे आणि कुठे सावली, ते लिहून ठेवा. मोगरा, गुलाब, झेंडू, शेवंती यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. अबोली आणि सोनटक्क्याला अर्धी सावली चालते. अनंताला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते.

यात एक सापळा आहे, तो मला दुसऱ्या वर्षी कळला. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीच्या उत्तरेकडच्या पट्टीतही भरपूर ऊन येतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि पुण्यात ऐन दुपारीसुद्धा भिंतीची सावली जवळजवळ भिंतीइतकीच लांब पडते. म्हणजे उन्हाळ्यात बघून ठरवलेला वाफा नेमका हिवाळी फुलांच्या हंगामात सावलीत जातो. हिवाळी वाफा घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या.

शेवंतीसाठी रात्रही बघायला हवी. तिला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते, म्हणून तर ती दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा फाटकावरच्या बल्बचा उजेड रात्रभर अंगावर पडत असेल, तर झाड छान हिरवंगार वाढतं आणि कळी येत नाही किंवा फार उशिरा येते. माझ्या दोन कुंड्या अशा फाटकाजवळ होत्या. मी खत बदलून पाहिलं, पाणी कमी करून पाहिलं. शेवटी कुंड्या घरामागे नेल्या, तेव्हा कळ्या आल्या.

३. माती

नवीन बांधलेल्या घरासमोर असाल तर आधी दीड फूट खणून बघा. वरची चार इंच माती छान दिसते आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंट, चुना निघतो. हा राडारोडा काढल्याशिवाय पुढचं काही करू नका. चुनखडीच्या मातीत अनंताची आणि गुलाबाची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. झाडाला लोह घेता येत नाही, त्याचं हे लक्षण. बोअरचं जड पाणीही तेच करतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमत असेल तर पावसाचं पाणी साठवून निदान अनंताला तरी तेच घाला.

निचरा तपासायला फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच असेल, तर सपाट जमिनीत लावू नका. सहा ते आठ इंच उंच गादीवाफे करा. काळ्या मातीत हे जवळजवळ नेहमीच करावं लागतं. कोकणात जांभ्याची माती पाणी झटकन सोडते, पण पाऊस इतका की खतही वाहून जातं. तिथे गादीवाफा हवाच, आणि खत थोडंथोडं, वारंवार.

कुंडीसाठी मी दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घेते. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. ढिगाच्या मधोमध हात घाला. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते तयार नाही. कुजलेलं खत काळं, भुसभुशीत असतं आणि त्याला मातीचा वास येतो. कच्च्या खतातून हुमणी येते. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगे बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि जमिनीत अंडी घालतात. पांढऱ्या, वाकड्या अळ्या मग मुळं खातात. वर झाड नुसतं मलूल दिसतं, आपण पाणी वाढवतो, आणि एक दिवस ते हलक्या हाताने उपटून येतं. खत टाकण्याआधी पसरून, अळ्या वेचून घ्या.

४. बारमाही झाडं आधी लावा

दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड सुरू करा आणि ऑगस्टपर्यंत संपवा. बारमाही झाडांची जागा आधी ठरते, हंगामी फुलं उरलेल्या मोकळ्या जागेत बसतात. मी उलटं केलं होतं, आणि झेंडूच्या गर्दीत मोगरा कोंदून गेला. मोगऱ्याला चार फूट, जास्वंदीला चार-पाच फूट, गुलाबाला दोन फूट जागा सोडा. पहिल्या वर्षी ती रिकामी वाटेल. तिथेच झेंडू लावा.

रोपवाटिकेत गेलात की फुलांनी डवरलेलं रोप बाजूला ठेवा. कळ्या कमी, पण बुडाशी नवे फुटवे आहेत असं रोप घ्या. पिशवीच्या छिद्रांतून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर ते रोप फार दिवस पडून आहे. बरीच रोपं लाल चिकणमातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर उन्हाळ्यात विटेसारखा आवळतो आणि मुळं त्यातच अडकतात. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा, मुळं तुटू न देता.

गुलाबाचं रोप बहुतेक वेळा डोळा भरलेलं असतं: खाली रानगुलाबाचं खोड, वर हव्या त्या जातीची फांदी. हा जोड जमिनीच्या वर दोन बोटं राहिला पाहिजे. जोडाच्या खालून येणारी फूट रानटी असते. ती जोमाने वाढते म्हणून आपल्याला आनंद होतो, पण सगळं अन्न तीच खाते आणि वरची जात मरते. "आमच्या लाल गुलाबाला आता वेगळीच छोटी फुलं येतात" असं कुणी म्हणालं की समजावं काय झालं. अशी फूट दिसताक्षणी मुळापासून ओढून काढा.

निशिगंधाचे कंद मात्र पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये लावायचे. सुवास हवा असेल तर एकेरी जात घ्या.

घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर कण्हेर आणि बिट्टी लावू नका. दोन्हींचा प्रत्येक भाग विषारी आहे.

५. हंगामी फुलांच्या तीन पेरण्या

पावसाळी पेरणी मेअखेर ते जून: तेरडा, झिनिया, कोंबडा, कॉसमॉस, बटणफूल. तेरडा सगळ्यात सोपा, गौरीपर्यंत फुलतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण एकेका फुलाचा तीन दिवस धरला तरी झाड महिनाभर नवी फुलं देत राहतं.

झेंडू वेगळा सांगते, कारण सगळ्यांना तो दसऱ्याला हवा असतो. मोठ्या फुलांच्या झेंडूला बी पेरल्यापासून फूल यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. शेंडा खुडला की अजून आठ-दहा दिवस. दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो, कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणून ठरावीक तारीख पाठ करू नका. दिनदर्शिका काढा आणि दसऱ्यापासून तीन महिने मागे मोजा. दिवाळीसाठी तीन आठवड्यांनी दुसरी पेरणी करा.

हिवाळी पेरणी परतीचा पाऊस ओसरू लागला की, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: पिटुनिया, फ्लॉक्स, ॲस्टर, डायंथस, कॅलेंड्युला, होलीहॉक, स्वीट पी. ही फुलं डिसेंबर ते मार्च बाग भरून टाकतात. काय काय जमू शकतं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघा आणि वही बरोबर न्या. ॲस्टर पहिल्यांदाच लावणार असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' नावाच्या जाती मागा, त्या आपल्या हवेसाठीच काढलेल्या आहेत.

उन्हाळी पेरणी फेब्रुवारीत: झिनिया, गॅलार्डिया, चिनी गुलाब. यादी छोटीच आहे. विदर्भात पारा ४५ अंशांजवळ जातो, तिथे यांनाही दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट लावा.

बी पेरताना नियम एकच: बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, त्यावर माती टाकायचीच नाही. कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरवा आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्या. कॅलेंड्युला आणि होलीहॉकचं बी मात्र झाकायचं. स्वीट पी रात्रभर भिजवून थेट वाफ्यात टोचा. त्याला आणि होलीहॉकला जागा बदललेली आवडत नाही.

उगवलेली रोपं दोन दिवसांत बुडाशी नाजूक होऊन आडवी पडली तर ती बुरशी आहे. जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा ही तीन कारणं. पेरणीच्या मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पावडरीत मिळते) मिसळा, बी विरळ पेरा. मुंग्या बी पळवतात, त्यासाठी ट्रे विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत उभ्या करा.

रोपाला चार ते सहा खरी पानं (उगवताना येणारी पहिली जोडी सोडून) आली की संध्याकाळी वाफ्यात लावा. दुपारी लावलेली रोपं माना टाकतात. झेंडू एक ते दीड फुटावर, शेवंती फुटावर. दाट लावण्याचा मोह फार होतो, पण हवा खेळली नाही तर झिनियावर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, येतेच.

६. पाणी आणि खत

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. पाणी सकाळी, आळ्यात, पानांवर नाही. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचा तीन इंच थर पसरला की पाणी निम्म्यावर येतं. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नका.

बारमाही झाडांना पावसाच्या सुरुवातीला आणि छाटणीनंतर दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. हंगामी फुलांना कळ्या धरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम. नुसतं युरिया टाकून झाड हिरवं होतं, फुलं येत नाहीत.

७. खुडणं आणि छाटणं

सगळ्यात जास्त धीर इथे लागतो. मला पहिल्यांदा कात्री चालवताना वाईट वाटलं होतं, पण बाग बदलली ती या कामाने.

झेंडू आणि शेवंती वीतभर झाली की मधला शेंडा नखाने खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी सात-आठ येतात. नंतर हंगामी झाडांची सुकलेली फुलं रोज काढा. बी धरलं की झाडाला आपलं काम संपल्यासारखं होतं आणि ते नवी कळी काढायचं थांबवतं. रोज दहा मिनिटं खुडलं तर फ्लॉक्स महिनाभर जास्त चालतो.

मोगरा: डिसेंबरात पाणी तोडा. जानेवारीत तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, बुडाशी माती मोकळी करून खत घाला आणि मग पाणी सुरू करा. मोगऱ्याचं फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं. न छाटलेला मोगरा उंच, विरळ वाढतो आणि फुलं मोजकी देतो. छाटलेल्या झाडावर मार्चपासून कळ्या दिसू लागतात.

गुलाब: पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात. वाळक्या, काडीसारख्या बारीक, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढा, मग जोमदार फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरक्या कापा. दीड महिन्यात फुलं येतात. भर पावसात छाटू नका, कापलेल्या टोकातून फांदी काळी पडत खाली मरत येते.

शेवंती: फुलं संपली की जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून कापा. काश्या मुळांसकट वेगळ्या करून नवीन मातीत लावा आणि उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जपा. पावसात पाणी तुंबलं की शेवंती जाते, त्यामुळे जूनपूर्वी एक-दोन कुंड्या आडोशाला ठेवा. बागेत 'झिप्री' किंवा 'राजा' यांसारख्या जुन्या जाती असतील तर हा जपलेला वाण फार मोलाचा.

८. कीड दिसली तर

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी वर शोधा. तो चिकट गोड रस सोडतो आणि त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. थोडं असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने घासून काढा. जास्त असेल तर ती फांदीच कापून जाळा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण घुसळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. हेच मिश्रण माव्यालाही चालतं.

९. बी धरून ठेवा

झाडावरचं सगळ्यात चांगलं फूल खुडू नका, त्याला पूर्ण वाळू द्या. देठ तपकिरी झाला की बी तयार. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूचं बी अनेकजण टाकतात, त्यातून थोडी रोपं उगवतातही, पण बाजाराची फुलं बी भरायच्या आधीच तोडलेली असतात. संकरित जातीचं बी धरलं तर पुढच्या वर्षी फुलं वेगवेगळ्या रंगांची, कमी पाकळ्यांची निघतात. तशी आवडत असतील तर जरूर लावा.

तेरड्याची शेंग पिकली की हात लागताच फुटते, म्हणून आधी कागद खाली धरा. अबोलीच्या वाळलेल्या शेंगा पाणी लागलं की तडतडून बी उडवतात, त्या कोरड्या सकाळीच काढून पातळ कापडात बांधा. बी सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पुडीत ठेवा. पुडीवर नाव, रंग आणि महिना लगेच लिहा. वाळलेली झेंडूची बी आणि झिनियाची बी ओळखू येतात, पण पिवळा झेंडू कुठला आणि केशरी कुठला, हे जूनमध्ये पुडी उघडून कुणालाच सांगता येत नाही.